उत्तरकाळाचा न्याय

राज्यकर्त्याच्या कीर्तीचा खरा निवाडा त्याच्या मागून येणाऱ्या पिढ्या करतात, असें आपण सर्वजण धरून चाललेलों असतों. हयातींत स्तुतिपाठक आणि निंदक यांच्या गलबल्यांत खरें काय तें ऐकूं येत नाहीं. काळ लोटला म्हणजे धुरळा खालीं बसतो आणि मग तो पुरुष जसा होता तसा दिसूं लागतो, अशी ही समजूत आहे. तिच्यांत सांत्वन पुष्कळ आहे. तथ्य किती आहे याचा विचार मात्र क्वचितच होतो. आम्हांस असें वाटतें कीं, काळाला न्यायाधीश म्हणणें हा त्याचा फाजील गौरव आहे. तो फार तर न्यायमंदिराची इमारत उभी करून देतो. आंत बसून निवाडा देणारीं माणसें त्या त्या पिढीचीं असतात, आणि आपापल्या गरजा, आपापले राग व अभिमान तीं बरोबर घेऊन आलेलीं असतात. तेव्हां त्यांनीं साक्ष कोणाची घ्यावी, हा खरा प्रश्न होय.

असले प्रश्न नुसत्या तर्कानें सुटत नाहींत. हातीं एखादें उदाहरण असावें लागतें. मराठवाड्यांतील वाचकास तें शोधण्यासाठीं दूर जावें लागत नाहीं. छत्रपति संभाजीनगर या शहरानें आजवर धारण केलेलीं नांवें पाहिलीं तरी पुरे. १६१० सालीं मलिक अंबरानें निजामशाहीची राजधानी म्हणून तें वसविलें, तेव्हां त्याला खडकी म्हणत. १६२६ सालीं अंबर वारल्यावर त्याचा मुलगा फत्तेखान यानें त्याचें फत्तेनगर केलें. १६५३ सालीं दक्षिणेच्या सुभेदारीवर आलेल्या शहाजादा औरंगजेबानें स्वतःचें नांव देऊन त्यास औरंगाबाद म्हटलें, आणि तें नांव साडेतीनशें वर्षांहून अधिक काळ टिकलें. २०२३ सालीं केंद्र सरकारच्या संमतीनें सध्याचें नांव कायम झालें. या चार नांवांपैकीं तीन पुरुषांवरून पडलेलीं आहेत. पण ज्यानें शहर वसविलें त्याचें नांव त्यांत नाहीं. फत्तेखानानें १६३३ सालीं दौलताबादचा किल्ला मोगलांच्या स्वाधीन केला, म्हणजे बापानें जन्मभर जें राखलें तें मुलानें घालविलें. तरी कांहीं वर्षें शहर त्याच्या नांवानें ओळखलें गेलें. बापाचें नांव मात्र एका जमिनीखालच्या पाण्याच्या नहरीला चिकटून राहिलें.

अंबराची हकीकत शाळेच्या पुस्तकांत दोन ओळींत संपते, म्हणून ती थोडी विस्तारानें सांगणें भाग आहे. तो सुमारें १५४८ सालीं हबसाणांत, म्हणजे आजच्या इथिओपियांत, जन्मला आणि बालपणींच गुलामांच्या बाजारांत विकला गेला. हातोहात फिरत तो बगदादच्या एका व्यापाऱ्याकडे आला. त्या धन्यानें त्याला शिक्षण दिलें आणि अंबर हें नांवही दिलें. पुढें अहमदनगरचा पेशवा चंगीझखान यानें त्याला खरेदी केलें. हा पेशवा स्वतःही मूळचा हबशी गुलामच होता. धनी वारल्यावर त्याच्या विधवेनें अंबरास मोकळें केलें. मग कित्येक वर्षें विजापुराकडे चाकरी करून तो निजामशाहींत परतला. १६०० सालीं चांदबिबीचा खून झाला, अहमदनगर मोगलांच्या हातीं पडलें आणि निजामशाही संपली असें जो तो समजूं लागला. त्या वेळीं अंबरानें राजवंशांतील एक तरुण हुडकून काढला, परांड्यास त्याला मुर्तजा निजामशहा म्हणून गादीवर बसविलें आणि आपली मुलगीही त्यास दिली. तेथपासून सव्वीस वर्षें त्यानें प्रथम अकबराच्या आणि मग जहांगिराच्या फौजांना दक्षिणेंत सुखानें पाय रोवूं दिले नाहींत. १६२४ सालीं भातवडी येथें मोगल आणि विजापूरकर यांच्या एकवटलेल्या सैन्याचा त्यानें पराभव केला. त्या लढाईंत शहाजीराजे त्याच्या बाजूनें लढले, आणि त्यांचे बंधु शरीफजी तेथेंच पडले. भोसल्यांचें वेरूळ आणि अंबराची खडकी यांत अंतर तें केवढें!

आतां त्याच्या कीर्तीचे साक्षीदार पाहूं. पहिला साक्षीदार अर्थातच शत्रु. जहांगीर बादशहानें आपल्या आत्मचरित्रांत अंबराचा उल्लेख वारंवार केला आहे, आणि शिवी दिल्यावांचून तो त्याचें नांव सहसा घेत नाहीं. बहुतेक शिव्या त्याच्या काळ्या रंगावरून आणि दुर्दैवावरून आहेत. एवढ्यावर बादशहाचें समाधान झालें नाहीं. १६१६ च्या सुमारास त्याच्या दरबारचा चित्रकार अबुल हसन यानें एक चित्र काढलें. तें आज डब्लिनच्या संग्रहालयांत आहे. त्यांत बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा असून भाल्याच्या टोकावर खोवलेल्या अंबराच्या मुंडक्यावर बाण सोडीत आहे. चित्र मोठें नाजूक आहे, रंग अप्रतिम आहेत. फक्त त्यांतील प्रसंग घडलेला नाहीं. त्याच वर्षीं मोगलांनीं रोशनगांवच्या लढाईंत अंबराचा पराभव करून खडकी लुटली, जाळली, हें खरें. पण त्याचें मुंडकें त्याच्या धडावरच राहिलें, आणि तें आणखी दहा वर्षें बादशहाच्या झोपेंत येत राहिलें. जो विजय रणांगणावर मिळाला नाहीं, तो कागदावर मिळवून ठेवण्याची ही युक्ति पुढच्या काळांतील पुष्कळांनीं उचललेली दिसते!

गंमत पुढेंच आहे. अंबर वारल्यावर त्याच दरबारचा इतिहासकार मुतमदखान यानें त्याच्याविषयीं लिहिलें तें इतकें निराळें आहे कीं, दोन्ही मजकूर एकाच दरबारांतून निघाले यावर विश्वास बसूं नये. युद्धांत, सेनापतित्वांत, विचारांत आणि राज्यव्यवस्थेंत त्याला तोड नव्हती, दक्षिणेंतील दंगेखोरांना त्यानें कह्यांत ठेवलें, शेवटपर्यंत मानानें राहिला, आणि हबशी गुलाम एवढ्या पदास चढल्याचें दुसरें उदाहरण इतिहासांत नाहीं, असा त्याचा आशय आहे. शत्रूनें केलेली स्तुति ही सर्वांत खरी, असें म्हणून आपले चरित्रकार असे उतारे मोठ्या हौसेनें देतात. आम्हांस येथें थोडी शंका येते. मेलेल्या शत्रूची स्तुति करण्यास खर्च येत नाहीं. उलट ज्याला आपल्या धन्याच्या फौजा पंचवीस वर्षें जिंकूं शकल्या नाहींत, तो असामान्य होता असें म्हटल्यानें आपल्याच अपयशावर पांघरूण पडतें. तेव्हां शत्रूची साक्ष मोलाची खरी, पण तीही उलटतपासणी करूनच घेतली पाहिजे.

त्याहून अधिक भरंवशाची साक्ष वाटेनें जाणाऱ्याची. १६१७ सालीं पीटर व्हान डेन ब्रूक नांवाचा एक डच व्यापारी, सुरतेजवळ जहाजें फुटल्यामुळें, खुष्कीच्या मार्गानें मच्छलीपट्टणास निघाला होता. वाटेंत अंबराच्या छावणींत त्याची भेट झाली. या माणसास अंबराकडून सुरक्षित वाट हवी होती, याहून जास्त कांहीं नको होतें. आणि त्याची टिपणें अंबराच्या दृष्टीस पडण्याचा संभवही नव्हता. त्याच्या लिहिण्यावरून दिसतें कीं, अंबराची मुद्रा कठोर होती. त्याच्या राज्यांत बंदोबस्त चोख होता. चोरास कडक शासन होई, आणि सोनें घेऊन निघालेल्या वाटसरूला भय नसे. आणि याच ओघांत तो सांगून जातो कीं, कोणी दारू पिऊन झिंगला तर त्याच्या घशांत वितळलेलें शिसें ओतीत. व्यापाऱ्यानें हीं दोन्ही विधानें एका दमांत केलीं आहेत. आजच्या चरित्रकारास मात्र तीं एका पानावर ठेवणें जड जातें. अंबराचा अभिमानी लेखक सोन्याचा वाटसरू घेतो आणि शिसें गाळतो; त्याचा निंदक शिसें घेतो आणि वाटसरूला घरीं बसवितो.

तिसरी साक्ष सर्वांत रुक्ष आहे, आणि आमच्या मतें सर्वांत किंमतीची. ग्रँट डफनें आपला मराठ्यांचा इतिहास १८२६ सालीं, म्हणजे अंबराच्या मृत्यूनंतर बरोबर दोनशें वर्षांनीं, प्रसिद्ध केला. त्यांत अंबराच्या लढायांबरोबरच त्याच्या जमीनमहसुलाच्या व्यवस्थेचा गौरव केलेला आढळतो. महसूल वसूल करण्याचा मक्ता देण्याची चाल अंबरानें मोडली. प्रत्यक्ष पिकाच्या माफक हिश्श्यावर सारा बसविला, आणि पुढें अनुभवानें तो दरसालच्या लागवडीवरून नगदी ठरविण्याची पद्धति घातली. गांवकामगारांची जुनी घडी पुन्हां बसविली. मक्तेदारीचा अर्थ ज्याला कळतो त्याला यांतील मर्म सांगावयास नको. मक्तेदार सरकारांत ठराविक रक्कम भरतो आणि कुळाकडून निघेल तेवढें काढतो. त्याचा मक्ता एक-दोन वर्षांचा असतो, म्हणून पुढच्या वर्षीं कूळ जगलें काय आणि मेलें काय, त्याला सारखेंच. ही गोष्ट मोडून काढणें म्हणजे हजारों घरांत उद्यांच्या पेरणीचें बीं शिल्लक ठेवणें होय. पुढें मराठ्यांच्या राज्यांतही जुन्या साऱ्याची गोष्ट निघाली म्हणजे ‘मलिकंबरी’ हा शब्द येई. आकारणीला जसें परिमाण लागतें, तसें एका माणसाचें नांव परिमाण झालें. अशी कीर्ति कवीच्या हातून मिळत नाहीं आणि चित्रकाराच्या बाणानें जातही नाहीं.

पण येथेंच थांबून अंबरास निर्दोष ठरवूं म्हटलें, तर आपण त्या व्यापाऱ्याचें शिसें गाळणाऱ्यांत जमा होऊं. ज्या मुर्तजाला त्यानें गादीवर बसविलें, त्याचा १६१० सालीं शेवट झाला. घरांतील बेबनावावरून अंबरानेंच त्याला विष देवविलें, असा आरोप समकालीनांनीं केलेला आहे. त्याच्या जागीं एक अल्पवयीन मुलगा बसला आणि सत्ता होती तेथेंच राहिली. शिवाय त्याचें गनिमी युद्ध! मोगलांची रसद तोडावयाची म्हणजे मुलूख उजाड करावयाचा, आणि मुलूख उजाड करावयाचा म्हणजे त्याच कुणब्याचें शेत जाळावयाचें, ज्याचा सारा आपण माफक ठेवला आहे. सगळ्यांत अवघड गोष्ट आणखी निराळीच आहे. जो स्वतः बाजारांत विकला गेला होता, त्यानेंच पुढें हजारों हबशी गुलाम पदरीं बाळगले, आणि त्यांच्या बळावर राज्य राखलें.

येथें आपल्यापुढें ती ठरलेली सबब येते कीं, त्या काळीं तसेंच होतें. ही सबब आम्ही सर्वस्वीं खोटी मानीत नाहीं, पण ती सरसकट चालूं देणेंही बरें नाहीं. दोन प्रकारचे अपराध यांत एकत्र केले जातात. कांहीं कृत्यें अशीं असतात कीं, तीं वाईट आहेत हें करणाऱ्याच्या काळालाही ठाऊक असतें. म्हणून तीं गुपचूप होतात, दुसऱ्याच्या हातून होतात आणि मागाहून नाकारलीं जातात. अन्नदात्या धन्याला विष देणें हें सतराव्या शतकांतही कोणी धर्मकृत्य समजत नव्हता. हा आरोप खरा असेल, तर काळाची ढाल त्याच्या आड येत नाहीं. दुसरीं कृत्यें अशीं कीं, तीं उघड होतात आणि त्यांत कोणाला कांहीं वावगें दिसत नाहीं. गुलामगिरी त्या काळीं तशी होती, असें म्हणतां येईल. दक्षिणेंतील लष्करी गुलाम शेतावर राबणारा नव्हता. तो घोड्यावर बसे, धन्याच्या मृत्यूनंतर बहुधा मोकळा होई आणि कर्तबगार असला तर सरदार होई. चंगीझखान आणि अंबर हेच त्याचे पुरावे. तरीही आमचें मन येथें अडतें. ज्यानें कधीं बाजार पाहिला नाहीं, त्याला त्यांतील दुःख दिसलें नाहीं हें आपण समजूं शकतों. पण ज्याचें मूळचें नांवही दुसऱ्यांनीं पुसून टाकलें, त्याला तें दिसलें नसेल काय? कीं दिसलें, आणि राज्य चालविण्याच्या निकडीपुढें त्यानें त्याकडे पाठ फिरविली? याचें उत्तर कोणत्याही कागदांत सांपडणार नाहीं. तेथें निवाडा देण्यापेक्षां प्रश्न उघडा ठेवणें हेंच आम्हांस प्रामाणिकपणाचें वाटतें.

अंबराविषयीं इतकें शांतपणें बोलतां येतें, याचें एक कारण असें आहे कीं, आज त्याचा वकील कोणी नाहीं. त्याचें राज्य बुडालें, घराणें इतिहासांतून नाहींसें झालें, आणि त्याच्या नांवानें मिरवणारा मोठा समाज या मुलखांत राहिला नाहीं. ज्यांना वकील मिळतात, त्यांच्या कीर्तीचें काय होतें, तें पाहण्यास या शहराच्या सध्याच्या नांवापासूनच आरंभ करावा.

संभाजीमहाराजांचा वध १६८९ सालीं झाला. त्यांच्याविषयीं मराठी माणसाचें मत पुढें ज्या बखरींनीं बनविलें, त्यांत मल्हार रामराव चिटणिसाची बखर प्रमुख. ती १८११ च्या सुमाराची, म्हणजे सव्वाशें वर्षांनंतरची आहे. हा बखरकार बाळाजी आवजी चिटणिसाच्या वंशांतला. आणि कटाच्या आरोपावरून बाळाजी आवजीस १६८१ सालीं संभाजीमहाराजांनींच देहान्त शासन केलें होतें. घरांत पिढ्यान् पिढ्या सांभाळलेला सल बखरींत उतरला, यांत नवल नाहीं. नवल आहे तें हें कीं, दीडशें वर्षें तो सल आपण इतिहास म्हणून वाचीत होतों. व्यसनी, उतावळा, राज्य घालविणारा राजा ही प्रतिमा त्यांतूनच घट्ट झाली, आणि नाटककार-कादंबरीकारांनीं तिला रंग दिले. वा. सी. बेंद्रे यांनीं कित्येक वर्षें मूळ कागदपत्रें धुंडाळून १९६० सालीं महाराजांचें चरित्र प्रसिद्ध केलें, तेव्हां एकाच वेळीं मोगल, सिद्दी आणि पोर्तुगीज यांच्याशीं नऊ वर्षें झुंजणारा, संस्कृतांत ग्रंथरचना करणारा राजा आपणांस दिसला. हा खरा न्याय होता, आणि तो कागदांच्या साक्षीनें झाला.

परंतु निंदेंतून सुटलेल्या पुरुषाभोंवतीं दुसरें एक संकट जमूं लागतें. काल ज्याचा एकही गुण दिसत नव्हता, त्याचा आज एकही दोष उच्चारणें पाप ठरतें. राम गणेश गडकरी १९१९ सालीं वारले. त्यांच्या अपुऱ्या राहिलेल्या ‘राजसंन्यास’ नाटकांतील संभाजी हा त्या वेळीं उपलब्ध असलेल्या बखरींवरूनच घेतलेला होता. बेंद्र्यांचें पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर एकेचाळीस वर्षांनीं निघालें, तें त्यांनीं कोठून वाचावें? तरी २०१७ सालीं पुण्याच्या संभाजी उद्यानांतील त्यांचा पुतळा उखडून मुठेच्या पात्रांत टाकण्यांत आला. ज्या पिढीला बेंद्र्यांनीं पुरावा कसा तपासावा हें दाखविलें, तिच्यांतल्या कांहींना पुराव्याचा निकाल तेवढा हवा होता. तपासण्याची तसदी नको होती. चिटणीस बखरकाराचा सल आणि हा संताप, यांची जात आम्हांस फारशी निराळी दिसत नाहीं.

शहरापासून पंचवीस किलोमीटरांवर खुलताबाद आहे. तेथें औरंगजेबाची आणि मलिक अंबराची अशा दोन्ही कबरी आहेत. औरंगजेबाची कबर उघडी, साधी. भोंवतालची संगमरवरी जाळी विसाव्या शतकांत निजामाच्या राज्यांत बसविली गेली. त्या साधेपणावरून कित्येक लेखक बादशहाच्या विरक्तीचे गोडवे गातात. बादशहा खासगी राहणींत काटकसरी होता, हें मान्य करूं. पण १६७९ सालीं ज्याच्यावर पुन्हां जिझिया बसला, त्या रयतेला बादशहाची टोपी किती साधी होती याच्याशीं काय करावयाचें होतें? राज्यकर्त्याचे खासगी सद्गुण हे त्याच्या घरच्यांनीं मोजावे; रयतेचें माप वेगळें असतें. याच कबरीवरून २०२५ च्या मार्चमध्यें दूर नागपुरांत दंगा उसळला. त्याच गांवांतली अंबराची घुमटदार कबर मात्र तेव्हांही शांतच होती. तिच्यासाठीं भांडावयास आणि तिच्याविरुद्ध भांडावयास, कोणीच नव्हतें.

अंबराच्या नहरीविषयीं मात्र दोन शब्द लिहिल्यावांचून राहवत नाहीं. उत्तरेकडील डोंगरांच्या पायथ्याला जमिनींत मुरणारें पाणी गोळा करून, केवळ उताराच्या बळावर, भुयारी पाटानें आणि खापरी नळांनीं तें शहरांत आणलें होतें. ठिकठिकाणीं आंत उतरून साफसफाई करण्यासाठीं तोंडें ठेवलेलीं होतीं. पाहणाऱ्याला जमिनीवर जवळजवळ कांहींच दिसत नाहीं. कमानी नाहींत, शिलालेखांची मिरवणूक नाहीं. पुढें शहरावर सत्ता बदलली, नांव बदललें, तरी नव्या धन्यांनीं याच धर्तीवर आणखी नहरी काढल्या. १७४४ ची पाणचक्कीही तशाच एका नहरीच्या पाण्यावर फिरली. आज त्या जुन्या नहरीचा मोठा भाग बुजला, फुटला किंवा घरांखालीं गेला आहे. शहराला पाणी येतें तें पैठणच्या नाथसागराहून, आणि तेंही कित्येक उन्हाळ्यांत आठवड्यांतून एकदांच आलेलें येथल्या गृहिणींना चांगलें आठवत असेल.

अर्थात् नहरीनें विषाच्या आरोपाची फेड होत नाहीं. पाणी पिणाऱ्याची साक्ष पाण्यापुरती, सारा भरणाऱ्याची साऱ्यापुरती. या साक्षीदारांचा गुण हाच कीं, त्यांना जेवढें ठाऊक आहे तेवढेंच ते सांगतात. जुन्या वतनदारांच्या दफ्तरांत भांडणाचे महजर सांपडतात. त्यांत वतन कोणाकडे, कोणत्या कारकीर्दींत, किती वर्षें चाललें, याची जंत्री दिलेली असते. निजामशहा येतात, आदिलशहा येतात, मोगल येतात, महाराज येतात. आणि त्यांच्या मध्यें कोठेंतरी, ना शिवी, ना बिरुद, अशी एक नोंद असते कीं, कारकीर्दी मलिकंबर, इतकीं वर्षें, वतन सुरळीत चाललें. लिहिणारा पुढच्या नांवाकडे वळतो.